शेवटच्या दिवसाचा शिक्का

काउंटरपलीकडच्या माणसाने पेन्सिल उलटी धरली आणि तिचं मागचं टोक हजेरीपत्रकाच्या शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"पवार-सान, या दिवशी लोखंडे-सान कामावर होते?"

"हो," मी म्हटलं. "म्हणजे नाही. फक्त निरोप घ्यायला आले होते."

"इथे आठ तास लिहिले आहेत."

"ते मीच लिहून घेतले."

त्याने मान हलवली. जपानी ऑफिसात समोरच्याने मान हलवली म्हणजे त्याला पटलं असं नसतं. ऐकू आलं, एवढाच अर्थ. मग त्याने पत्रक माझ्याकडे वळवलं आणि हळू आवाजात सांगितलं की नोकरी सोडण्याच्या दिवशी माणूस कामावर हजर असेल, तर तो त्या दिवशी काम करण्याइतका बरा होता असं धरलं जातं. आणि बरा होता असं धरलं, की त्या दिवसापासून पुढचा आजारपणाचा भत्ता मिळत नाही.

"पुढचा म्हणजे किती?"

"दीड वर्षापर्यंत मिळू शकला असता," तो म्हणाला आणि मान खाली घातली. "फार वाईट वाटतं."

संदीप लोखंडे तेव्हा पुण्याला हॉस्पिटलमध्ये होता. वय चौतीस. बायको वैशाली, साडेचार वर्षांची मुलगी ईरा. दीड वर्ष घरात पगाराचा अर्ध्याहून जास्त भाग येणार की काहीच येणार नाही, हे त्या एका ओळीवर ठरत होतं. ती ओळ मी भांडून मिळवली होती.

मी तेव्हा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या टोकियो ऑफिसात होते. ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि चार टेबलं. आमचे बारा इंजिनिअर वेगवेगळ्या जपानी कंपन्यांत बसून काम करायचे, आणि त्यांचे व्हिसा, घरं, पगार, रजा, भांडणं हे सगळं माझ्याकडे होतं. हुद्दा अ‍ॅडमिनचा होता.

मी एचआर शिकलेली नाही. सांगलीला आईचा मसाल्याचा गाळा होता. गिऱ्हाईक पाठ फिरवून चार पावलं गेलं की त्याला हाक कधी मारायची आणि कधी मारायची नाही, हे मी दहावीच्या आधी शिकले. लग्नानंतर नवऱ्याच्या मागे डिपेंडंट व्हिसावर जपानला आले. पहिली दोन वर्षं बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या, कारखान्यात डब्यांमध्ये भात भरला. आठवड्याला अठ्ठावीस तास. डिपेंडंटला त्याहून जास्त काम करायची परवानगी नसते. जपानी मी तिथल्या बायकांकडून शिकले. त्यामुळे माझं जपानी पक्कं आहे, पण नाजूक नाही. घरमालक, वॉर्ड ऑफिस, क्लायंट, कुणाशीही घासाघीस करायची असली की आमचे इंजिनिअर मला पुढे करायचे. मला ते आवडायचं. ते लपवण्यात अर्थ नाही.

आता त्या तक्त्याबद्दल सांगायला हवं.

पुण्याच्या एचआरचे प्रमुख सबनीस सर. एकदा त्यांचा फोन आला. "मॅडम, मॅनेजमेंटला एक शीट हवंय. आपली माणसं पाच देशांत आहेत. कुठे किती रजा, आजारी पडलं तर काय मिळतं. एका पानात. शुक्रवारपर्यंत."

मी पाचही देशांतल्या लोकांना फोन लावले. जर्मनीत आजारी पडलं की सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते आणि त्यापुढे विमा बघतो. आमचा तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, इथे आजारी माणूस ऑफिसला आला तर बॉस ओरडतो." इंग्लंडमध्ये कायद्याने काहीतरी मिळतं, पण ते थोडं, आणि पहिले तीन दिवस तेही नाही. अमेरिकेत देशाचा असा कायदाच नाही. कंपनीच्या मनावर. आपल्याकडे एसएल, सीएल, पीएल. म्हणजे आजारपणाची, अडीअडचणीची आणि हक्काची, अशा तीन खात्यांची रजा. ती वहीतल्यासारखी डोक्यात बसलेली असते.

जपानचं मी क्लायंटच्या ऑफिसात विचारलं. "तुम्हाला सिक लीव्ह किती?" ते एकमेकांकडे बघून हसले. म्हणाले, "नसते. युक्यू वापरतो." युक्यू म्हणजे भरपगारी रजा. नोकरीला सहा महिने झाले की वर्षाला दहा दिवसांपासून सुरू होते. ताप आला की जपानी माणूस त्यातलीच टाकतो. म्हणून बरेच जण ती फिरायला न वापरता तापासाठी राखून ठेवतात आणि वर्षाअखेर बरीचशी वाया घालवतात.

मी जपानच्या ओळीत लिहिलं, आजारपणाची रजा: शून्य.

तक्ता सुंदर झाला. सबनीस सरांनी वर स्वतःचं नाव घातलं, त्याला इंग्रजीत भारदस्त शीर्षक दिलं आणि मॅनेजमेंटसमोर मांडला. टाळ्या पडल्या असं मला तिसऱ्याकडून कळलं. तो राग मी अजून सोडलेला नाही. पण तक्ता माझाच होता, म्हणून नवीन इंजिनिअर आले की ओरिएंटेशनमध्ये मी तो पडद्यावर लावायचे. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा, ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, हे सगळं सांगून झालं की जपानच्या ओळीवर बोट ठेवून म्हणायचे, "आणि इथे आजारी पडायचं नाही. तशी सोयच नाही."

मुलं हसायची. संदीपही हसला होता. पहिल्या रांगेत बसला होता तो.

संदीप कावासाकीला एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचा. राहायला फुनाबोरीला, आमच्या बिल्डिंगपासून पाच मिनिटांवर. वैशाली मला ताई म्हणायची, म्हणून तोही घरी ताई म्हणायचा. ऑफिसचं काम असलं की "पवार मॅडम". मुलगी जपानी पाळणाघरात जायची. बाप मराठीत विचारायचा, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि वैशाली दोघांवर वैतागायची. "घरात मला एकटीलाच दुभाषा लागतो," म्हणायची.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये त्याला ताप यायला लागला. यायचा, उतरायचा. मला कळलं ऑगस्टमध्ये, तेही क्लायंटकडून. तिथले कचो, म्हणजे सेक्शनचे प्रमुख, ओकाबे-सान यांचा फोन आला. हा माणूस फोनवर हवामानाशिवाय काही बोलत नसे.

"पवार-सान, लोखंडे-सान मास्क लावून येतात. दुपारी त्यांचा शर्ट भिजलेला असतो. मी काही बोलणं बरोबर दिसणार नाही. तुम्ही विचाराल का?"

मी त्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. मानेला डाव्या बाजूला गाठ होती. कॉलर वर करून झाकलेली.

"किती दिवस आहे ही?"

"पाच-सहा आठवडे," तो म्हणाला.

"आणि डॉक्टर?"

"जाणार होतो. युक्यू संपली होती, ताई. ईराला कांजिण्या झाल्या तेव्हा निम्मी गेली, उरलेली तापात गेली."

"मग सांगायचं नाही मला?"

तो हसला. "सांगून काय? तुमच्याच तक्त्यात शून्य आहे."

वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही.

लिम्फोमा निघाला. रक्ताच्या कॅन्सरसारखाच एक प्रकार. गाठींचा कॅन्सर म्हणा. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी कागदावर रेघ मारून सहा टप्पे दाखवले. दर तीन आठवड्यांनी एक. मध्ये खंड पडता कामा नये, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दुभाषा म्हणून बसले होते. मीही ते दोनदा सांगितलं.

उपचाराचा खर्च हेल्थ इन्शुरन्सच्या कार्डावर बराचसा भागत होता. प्रश्न होता पगाराचा. काम नाही तर क्लायंटचं बिल नाही, बिल नाही तर आमच्या कंपनीचा पगार नाही. फुनाबोरीचं भाडं, पाळणाघर, रोजचं सगळं.

मी पुण्याला फोन लावला.

"सर, सहा महिने त्याला निम्मा पगार द्या. मी क्लायंटकडून जागा राखून घेते."

"मॅडम, पॉलिसीत बसत नाही."

"पॉलिसी बदला."

"पॉलिसी तुमच्याच शीटवरून केलीय," सबनीस सर म्हणाले. "जपान, झीरो. तुम्हीच लिहिलंय."

तक्ता चांगला होता तोवर त्यांचा होता. त्या दिवशी तो माझा झाला.

मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भांडून सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळवली, म्हणजे नोकरी राहील, व्हिसा राहील, पैसे नाहीत. मला तो विजय वाटला. त्या सहा आठवड्यांत दोन टप्पे झाले. फुनाबोरीच्या बायका आळीपाळीने डबा द्यायच्या. केस गेले. ईरा त्याच्या डोक्यावर हात फिरवून म्हणायची, "त्सुरुत्सुरु", गुळगुळीत. आणि दोघं हसायची.

सप्टेंबरच्या शेवटी रजा संपत आली. संदीपला इथेच उपचार पुरे करायचे होते. वैशालीलाही. मी कागद घेऊन बसले, बेरीज-वजाबाकी केली आणि त्यांना सांगितलं की हे जमणार नाही. "राजीनामा दे. पुण्याला जा. तिथे आईवडील आहेत, घर आहे. उरलेले चार टप्पे तिथे होतील."

"डॉक्टर नको म्हणतात ना, ताई?" वैशाली म्हणाली.

"डॉक्टर भाडं भरणार नाहीत, वैशाली."

हे मी म्हटलं. ते वाक्य मला परत घेता येत नाही.

संदीपच मग म्हणाला, "जाऊ या. ताईंनी सगळीकडे विचारलं असणार."

मी सगळीकडे विचारलं नव्हतं. एका ठिकाणी विचारलं नव्हतं.

आता तो शेवटचा दिवस. जपानमध्ये नोकरी सोडताना माणूस शेवटच्या दिवशी टेबलाटेबलाशी जाऊन वाकून निरोप घेतो आणि मिठाई वाटतो. प्रत्येकाला एक, वेगवेगळी गुंडाळलेली. न जाणं फार वाईट दिसतं. संदीपला बरं नव्हतं. तरी मी म्हटलं, जायला हवं. खरं कारण सांगते. त्याच्या जागी मला दुसरा इंजिनिअर बसवायचा होता. निरोप चांगला झाला तर ओकाबे-सान नाही म्हणणार नाहीत, असा माझा हिशेब होता.

वैशालीने बेसनाचे लाडू केले. बत्तीस. प्रत्येक लाडू पारदर्शक कागदात गुंडाळून वर सोनेरी दोरी. संदीपने सूट घातला. तो त्याला दोन मापं मोठा झाला होता. डोक्यावर लोकरीची टोपी, तोंडावर मास्क. कावासाकीपर्यंत मी टॅक्सी केली.

आम्ही चाळीस मिनिटं होतो. तो टेबलाटेबलाशी जाणार होता, पण तिसऱ्या टेबलाशी दम लागला. ओकाबे-सान यांनी स्वतःची खुर्ची मधोमध आणून ठेवली, आणि सगळा सेक्शन उठून त्याच्यापाशी आला. एकेक जण वाकायचा आणि लाडू घ्यायचा. एक तरुण पोरगी तिथेच लाडू खायला लागली आणि बेसन सगळं कीबोर्डवर सांडलं. "हा प्रिंटर नाही, कीबोर्ड आहे, टेस्टमध्ये नापास होईल," संदीप म्हणाला. सगळे हसले. मग त्यांनी त्याला एक मोठा चौकोनी पुठ्ठा दिला. त्यावर मधे त्याचं नाव आणि भोवती सगळ्यांनी हाताने लिहिलेल्या चार-चार ओळी. संदीप उभा राहून वाकला. तेही सगळे वाकले आणि बराच वेळ वर उठले नाहीत.

मी बाजूला उभी राहून दुसरं काम करत होते. महिन्याचं हजेरीपत्रक ओकाबे-सान यांच्या शिक्क्यासाठी पुढे केलं. जपानमध्ये सहीऐवजी छोटा लाल शिक्का मारतात, हान्को. तो पडला की लिहिलेलं पक्कं.

"आजचा दिवस पूर्ण धरा, कचो," मी म्हटलं. "आठ तास."

"ते चाळीस मिनिटं..."

"इतक्या आजारात आले. एक दिवसाचा पगार तरी हातात पडू दे."

त्यांनी खुर्चीवरच्या संदीपकडे पाहिलं. मग शिक्का मारला. बाहेर आल्यावर मी संदीपला सांगितलं, "एक दिवस मिळवला तुला." तो टॅक्सीत डोळे मिटून बसला होता. "तुम्ही म्हणजे ना, ताई," म्हणाला.

राजीनाम्याची तारीख तीच होती. एक दिवस पुढची घातली असती, तर काही बिघडलं नसतं. पण मला तो हिशेब माहीतच नव्हता.

ते पुण्याला गेले. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पहिल्यापासून केल्या. तिसरा टप्पा सुरू व्हायला दीड महिना लागला.

जानेवारीत आमच्या ऑफिसात नोमुरा-सान वर्षाचे टॅक्सचे कागद लावत बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या बाई. आठवड्यातून तीन दिवस यायच्या, पगाराचा हिशेब बघायच्या. संदीपचा कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, "लोखंडे-सानच्या आजारपणाच्या भत्त्याचे फॉर्म पुण्याहून भरतात का?"

"कसला भत्ता?"

त्यांनी चष्मा काढला. आणि सांगितलं. जपानमध्ये आजारपणाची रजा नाही हे खरं. पण नोकरदाराच्या हेल्थ इन्शुरन्समध्येच सोय असते. सलग तीन दिवस कामावर जाता आलं नाही, की चौथ्या दिवसापासून, पगार मिळत नसेल तर विम्यातून भत्ता मिळतो. दीड वर्षापर्यंत. वर्षभर विमा भरलेला असेल, तर नोकरी सोडल्यावरही चालू राहतो.

मी रजेच्या रकान्यात शोधत होते. ते विम्याच्या रकान्यात होतं. आणि तो विमा दर महिन्याला बाराही जणांच्या पगारातून कापला जात होता. पगाराच्या स्लिपा मीच वाटत होते. घरमालकाला भिंतीवरच्या जुन्या डागाचे पैसे सोडायला लावणारी मी, पण दर महिन्याला कापलं जातं त्यात हॉस्पिटलच्या कार्डाशिवाय काय मिळतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" मी ओरडले.

नोमुरा-सान कागद नीट लावत म्हणाल्या, "तुम्ही सगळं स्वतः बघता. मागच्या वर्षी मी एकदा फायलीबद्दल काही सुचवलं, तेव्हा तुम्ही रागावलात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार."

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन इन्शुरन्सच्या ऑफिसात गेले. त्या पेन्सिलीचं सुरुवातीला सांगितलंच. बिनपगारी रजेच्या सहा आठवड्यांचा भत्ता मंजूर झाला. पुढचा नाही.

"ही नोंद चुकीची आहे हे सिद्ध केलं तर?" मी विचारलं.

"क्लायंटचं पत्र लागेल. आणि तुमच्या कंपनीने हजेरी आणि पगाराची नोंद दुरुस्त करून, कंपनीचा शिक्का मारून द्यायला हवी. मग आम्ही पुन्हा बघू."

मी तशीच कावासाकीला गेले. ओकाबे-सान नाही म्हणणार, हे मी धरून चालले होते. शिक्का त्यांचा होता. तो खोटा होता हे कोण लिहून देईल? ट्रेनमध्ये मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. धमकीसुद्धा तयार होती.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मी लिहीन."

"तुम्हाला त्रास होईल."

"होईल," ते म्हणाले. "मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही फार जोरात बोलत होता, आणि ते खुर्चीवर बसले होते."

तीन दिवसांत पत्र आलं. लोखंडे-सान त्या दिवशी चाळीस मिनिटं निरोपासाठी आले होते, त्यांनी काम केलं नाही, आठ तासांची नोंद ओकाबे यांच्या चुकीने झाली. खाली लाल शिक्का. "पवार-सानच्या सांगण्यावरून" असं त्यात कुठे नव्हतं.

उरला आमचा कागद. जपान ऑफिसचे कागदोपत्री प्रमुख सबनीस सर होते. त्यांची परवानगी हवी.

"मॅडम, तुमचं डोकं फिरलंय का?" ते म्हणाले. "आपण क्लायंटला खोटे तास लावले हे आपणच लिहून द्यायचं? ऑडिट आहे. उद्या सगळे क्लायंट जुनी बिलं उघडतील."

"सर, एक दिवस आहे. एका माणसाचा."

"कुणी लावला तो दिवस?"

"मी लावला. माझं नाव लिहा. मला काढा."

"तुम्हाला काढून कागद बदलत नाही. संदीपबद्दल आम्हाला सगळ्यांना वाईट वाटतं. कंपनी फुलं पाठवेल, फळं पाठवेल. हे नाही."

तीन आठवडे मी मेल लिहिले. रोज एक. त्यांचं उत्तर दर वेळी दोन ओळींचं.

कंपनीचा शिक्का पुण्याला नव्हता. तो आमच्याच कपाटात होता. लाकडी डबीत. किल्ली माझ्याकडे. एके दुपारी मी दुरुस्तीचा कागद तयार करून टेबलावर ठेवला आणि डबी काढली. नोमुरा-सान यांनी पाहिलं. उठल्या, पर्स घेतली.

"मी कन्विनीला जाऊन येते," म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात. "पंधरा मिनिटं लागतील."

त्या पूर्ण अर्ध्या तासाने आल्या. कागद तसाच होता. शिक्का डबीत होता.

मी स्वतःला सांगितलं की परवानगीशिवाय शिक्का मारला आणि ते उघड झालं, तर जपान ऑफिस बंद पडेल आणि अकरा जणांचे व्हिसा लटकतील. ते खोटं नव्हतं. पण माझी नोकरीही त्यात होती, आणि ते मी स्वतःला सांगितलं नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तोंडावर आवाज चढवून गोष्टी मिळवल्या. त्या खोलीत आवाज चढवायला कुणी नव्हतं. फक्त हात खाली करायचा होता.

नोमुरा-सान यांनी डबीकडे एकदा पाहिलं. माझ्यासाठी आणलेला चहाचा कॅन टेबलावर ठेवला आणि कामाला लागल्या.

फेब्रुवारीत संदीपचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"ताई, सहा आठवड्यांचे पैसे आले. कमाल केलीत."

"बाकीचं चालू आहे," मी म्हटलं.

"होईल हो. तुम्ही आहात म्हटल्यावर होईल." मग म्हणाला, "ते कार्ड आहे ना, ओकाबे-सान लोकांचं, ते मी इथे पलंगासमोर लावलंय. नर्स विचारतात, काय लिहिलंय. मी वाचून दाखवतो. जे कळत नाही ते मनाचं सांगतो."

"काय सांगतोस?"

"काहीही. लोखंडे, प्रिंटर तुझी आठवण काढतात." तो हसला, मग खोकला. "ताई, मी त्या दिवशी यायला नको म्हणत होतो. बरं झालं तुम्ही नेलंत. इतकी वर्षं नोकरी केली, पण माझ्यासाठी कुणी उभं राहिलं ते तिथेच."

मी म्हटलं, "आराम कर."

तो एप्रिलमध्ये गेला. खंड पडत पडत पाचवा टप्पा झाला होता. इथेच राहिला असता तर वाचला असता का, हे मी इथल्या त्या तरुण डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. तिथे घासाघीस चालत नाही.

वैशालीला मी एवढंच सांगितलं की बाकीचं नियमात बसलं नाही. तिने का म्हणून विचारलं नाही. ईराचं जपानी सुटत चाललंय म्हणाली, पण भिंतीवरचं कार्ड ती अजून अक्षर लावून लावून वाचते. हे छापून आलं तर वैशालीला बाकीचं कळेल. कळायला हवं. फोनवर मला ते जमलं नाही.

सबनीस सर पुढे बढती घेऊन मोठे झाले. मी ती नोकरी वर्षाने सोडली. आता दुसऱ्या कंपनीत हेच काम करते. तक्ता नवीन केला आहे. जपानच्या ओळीत शून्य आहेच, पण त्याच्या पुढे विम्याचा रकाना आहे, आणि फॉर्म कुठे मिळतो तेही. नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांच्याकडून विम्याचं कार्ड बाहेर काढून घेते आणि या कार्डावर काय काय मिळतं ते तक्त्यातून मोठ्याने वाचायला लावते.

शेवटी सांगते, आजारी असताना नोकरी सोडायची वेळ आली, तर शेवटच्या दिवशी ऑफिसला पाऊल टाकायचं नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. मी केला तरी नाही. मिठाई पोस्टाने पाठवा.

मुलं हसतात. त्यांचं हसणं थांबेपर्यंत मी थांबते, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा सांगते.